चार पावसाळे वावरात उभे असलेले पर्जन्यमापक

आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. साडेचार एकरांपैकी तीन एकर काळी, भारी जमीन आहे आणि उरलेली नाल्याच्या वरच्या अंगाची बरड. विहीर आहे, पण तिचे पाणी हरभऱ्याला दोन ओलिते देण्यापुरतेच. कपाशी, सोयाबीन आणि तूर ही तिन्ही पिके पावसाच्या भरवशावर उभी राहतात. अशा शेतीसाठी मी चार वर्षांपूर्वी एक साधे, हाताने मोजायचे पर्जन्यमापक घेतले. आता चार पावसाळे त्याचा रोज वापर झाला आहे, म्हणून त्याचे गुणदोष सविस्तर लिहीत आहे.

उपकरण फायबरचे आहे. वर पितळी कडा असलेले गोल नरसाळे, खाली नळकांड्यासारखे बूड आणि आत चार लिटरची प्लास्टिकची बरणी. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे तोंडाचा व्यास साधारण १६ सेंटिमीटर. सोबत मिलिमीटरच्या खुणा असलेले एक काचेचे मापनपात्र येते. डीएपी खताच्या दोन पोत्यांना जेवढे पैसे लागतात, साधारण तेवढ्यात ते अमरावतीच्या एका दुकानात मिळाले. त्याआधी मी मोबाइलवरून पाचरीच्या आकाराचे एक स्वस्त प्लास्टिकचे मापक मागवले होते. ते एक पावसाळा बरे चालले, पण वैशाखाच्या उन्हात त्याचे प्लास्टिक पिवळे पडून ठिसूळ झाले आणि पुढच्या मृगाआधीच त्याला तळापासून चीर गेली. विदर्भाच्या उन्हाळ्यात बाहेर उभे राहणारे साधन घ्यायचे असेल, तर स्वस्त प्लास्टिकच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फायबरचे मापक चार उन्हाळ्यांनंतरही तडकलेले नाही. फक्त त्याचा रंग विटला आहे.

बसवण्याची जागा नीट निवडावी लागते. झाड, गोठा किंवा भिंत जेवढी उंच असेल, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावे, चौपट अंतर मिळाले तर उत्तम. नरसाळ्याची कडा जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि पाणसळीत हवी. मी प्रथम ते धुऱ्यावरच्या बाभळीजवळ नुसते गाडले होते. बाभळीच्या आडोशाने आकडे कमी येत होते आणि एका रात्री रानडुकरांनी तो सगळा कोपराच उकरला. तेव्हा विहिरीच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत सिमेंटचा ओटा करून ते पक्के केले आणि भोवती काटेरी तारेचे बुटके कुंपण घातले. त्यानंतर डुकरांनी किंवा रोह्यांनी (नीलगायींनी) त्याला हात लावलेला नाही. कोतवाल पक्षी मात्र नेमका कडेवर येऊन बसतो, आणि उन्हाळ्यात कुंभारीण माशी नरसाळ्याच्या नळीत मातीचे घर बांधते. एका जूनमध्ये पहिल्या सरीचे पाणी बरणीत उतरलेच नाही. नरसाळे काढून पाहिले, तर नळीच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा मातीचा गोळा घट्ट बसला होता आणि वर पाणी साचून राहिले होते. तेव्हापासून रोहिणी नक्षत्र लागले, की नळीत सुतळी घालून ती साफ करण्याचा नेम ठेवला आहे.

मोजणी रोज सकाळी साडेआठला करायची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरला जातो, आणि त्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या तारखेला लिहितात. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते. मी सवड मिळेल तेव्हा बरणी रिकामी करत होतो आणि माझे आकडे आमच्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्राच्या आकड्यांशी जुळत नाहीत म्हणून उपकरणालाच दोष देत होतो. वेळ सांभाळू लागल्यावर तुलना करता येऊ लागली. वहीत चार रकाने आहेत: तारीख, मिलिमीटर, पाऊस सुरू होण्याची आणि थांबण्याची वेळ, आणि नक्षत्र. शेवटचा रकाना बाबांच्या आग्रहाने ठेवला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असा त्यांचा पावसाळा चालतो. साधारण १३-१४ दिवसांचे ते तुकडे आहेत आणि वहीची पाने त्याच हिशेबाने उलटणे मलाही सोयीचे वाटू लागले आहे.

या मापकाची खरी किंमत पहिल्याच वर्षी पेरणीच्या वेळी कळली. मृगाच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या गडगडाटासह पाऊस आला, अंगणातून लोंढे वाहिले, नाला खळाळला आणि गावात तिफणी बाहेर निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत ३१ मिलिमीटर पाणी होते. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. तो सल्ला मी अनेक वर्षे ऐकत होतो, पण आपल्या वावरात नेमके किती मिलिमीटर पडले हे सांगणारे काहीच हाती नसल्यामुळे तो कानावरून जात होता. बाबांनी काळ्या वावरात मधोमध विळ्याने माती उकरली. वरची चार बोटे माती ओली होती आणि त्याखाली कोरडे, गरम ढेकूळ लागले. ते म्हणाले, "वरतून ओलं दिसते, पन खाली कोरडंच हाये. थांब जरासा." मापकाचे म्हणणेही तेच होते. आम्ही थांबलो. त्यानंतर सतरा दिवस पाऊस आला नाही, आणि शेजारच्या वावरांमधले सोयाबीन कोंब काढून वाळले. आर्द्रा संपता संपता पाच दिवसांत ८८ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उकरलेल्या जागी वीतभर खालीही ओल होती; वाफसा (पेरणीजोगी ओल) येताच आम्ही पेरणी केली. ज्यांनी आधी पेरले त्यांना दुबार पेरणीसाठी बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागले. बियाण्याच्या एका पिशवीतच या मापकाचे पैसे फिटतात, हे मी तेव्हा समजलो.

त्याहून अधिक उपयोग मला पावसाच्या खंडात झाला, आणि हा उपयोग विकत घेताना माझ्या ध्यानातही नव्हता. दुसऱ्या वर्षी पुष्य नक्षत्रात रोज आभाळ भरून यायचे, रिपरिप चालायची, रस्ते ओले असायचे, घरातले कपडे वाळत नव्हते. गावात कोणालाही विचारले असते, तर पाऊस चालू आहे असेच उत्तर मिळाले असते. वहीत मात्र अकरा दिवसांची बेरीज ९ मिलिमीटर होती, आणि त्यातल्या एकाही दिवशी २.५ मिलिमीटरचा आकडा गाठला गेला नव्हता. हवामानशास्त्रात २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाळी दिवस मानतात, म्हणजे त्या हिशेबाने अकरा दिवस पावसाचा एकही दिवस नव्हता. सोयाबीन फुलावर आले होते. डोळ्यांना ओला दिसणारा तो हंगाम मुळाशी कोरडा चालला होता. बरडीवरच्या पिकाची पाने दुपारी उलटी पडू लागल्यावर शंका राहिली नाही, आणि विहिरीतले पाणी तुषार सिंचनाने त्या दीड एकरावर फिरवले. मागाहून जो पाऊस आला तो भारी जमिनीला पुरला. बरडीला तोवर उशीर झाला असता.

आकड्याचे लिटरमध्ये रूपांतर करण्याची सवय लावून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सुचवतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरावर ते सुमारे ४,००० लिटर होते. २५ मिलिमीटरची एक चांगली सर एकरी लाखभर लिटर पाणी टाकून जाते. आपल्या विहिरीचा पंप तासाला किती पाणी उपसतो हे माहीत असले, की एका सरीने किती तासांचे ओलीत वाचवले ते तोंडी काढता येते. फवारणी आणि डवरणीचे (उभ्या पिकात डवरा चालवून तण काढण्याचे) दिवस ठरवतानाही आता आम्ही वही पाहतो, कारण आमच्या काळ्या जमिनीत किती पावसानंतर किती दिवसांनी डवरा चालतो याचा अंदाज नोंदींवरूनच बसला आहे.

या मापकाला पावसाचा जोर कळत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. अर्ध्या तासात कोसळलेले ४० मिलिमीटर आणि दिवसभराच्या झडीत मुरलेले ४० मिलिमीटर बरणीत सारखेच दिसतात. जमिनीसाठी मात्र त्या दोन्हींत मोठे अंतर आहे. पहिले पाणी माती घेऊन नाल्यात जाते, दुसरे मुळाशी पोचते. म्हणूनच मी वेळेचा रकाना ठेवला आहे, पण रात्रीच्या पावसाची वेळ झोपेत निसटते. गारपिटीचा आकडाही विश्वासाचा नसतो, कारण कडेवर आदळून गारा बाहेर उडतात.

मोठ्या पावसाच्या दिवशी मोजणी किचकट होते. माझ्या मापनपात्रात एका वेळी १० मिलिमीटरच मावतात. एका श्रावणी सकाळी ९६ मिलिमीटर मोजताना दहा वेळा पात्र भरावे लागले आणि सातव्या-आठव्या वेळी मोजणी चुकल्याची शंका आली. तेव्हापासून प्रत्येक ओतणीला वहीत एक रेघ मारतो. दुसऱ्या वर्षी ते काचेचे पात्र विहिरीच्या काठावर फुटले. दुकानात विचारले, तर सुटे पात्र मिळणार नाही, नवे मापकच घ्या, असे उत्तर आले, आणि त्या उत्तराने मला फार वाईट वाटले. पुढे हिशेब करून मार्ग सापडला: तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असल्यामुळे एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर २० मिलिलिटर पाणी. मिलिलिटरच्या खुणा असलेले कोणतेही स्वच्छ मापनपात्र घ्यावे आणि आलेल्या आकड्याला २०ने भागावे. औषध फवारणीचे माप त्यासाठी चुकूनही वापरू नये. सोबतची माहितीपत्रिका इंग्रजीत आहे आणि त्यात हा साधा हिशेब कुठेच दिलेला नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला विकायच्या वस्तूसोबत मराठीत एक पान असायलाच हवे होते.

आणखी एक गोष्ट घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावी. या नोंदींना सरकारी कागदावर किंमत नाही. अतिवृष्टीसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरचा निकष लावला जातो, आणि तो मंडळाच्या ठिकाणच्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतो. ते केंद्र आमच्या वावरापासून नऊ किलोमीटरवर आहे. वर सांगितलेल्या त्या ९६ मिलिमीटरच्या सकाळी मंडळाचा आकडा ४३ होता. आमच्या शिवारात नाला काठ सोडून कपाशीतून वाहिला होता आणि पऱ्हाटीच्या ओळी आडव्या झाल्या होत्या, पण मंडळात अतिवृष्टी झालीच नव्हती. दोन्ही आकडे खरे होते. विदर्भातला पाऊस एका धुऱ्यावर पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझी वही मी दाखवली, ती आदराने पाहिलीही गेली, पण तिचा उपयोग झाला नाही. पीकविम्यात तेव्हा शेत जलमय झाल्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती. ती देण्याची घाई मात्र मापकामुळे वेळेत सुचली, एवढे खरे.

मोबाइलवर मिळणाऱ्या हवामान सेवांची जागा हे साधन घेत नाही. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज, मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला, विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी ॲप, हे सर्व मी वापरतो, आणि वावरात निंदणाला बाया असताना दामिनी उघडून पाहिल्याशिवाय राहत नाही. अंदाज पुढे काय होईल ते सांगतो; आपल्या मातीत आजवर किती पाणी गेले, हे फक्त मापक सांगते.

त्याच दुकानातून मी कमाल-किमान तापमापकही घेतले होते. ते गोठ्याच्या सावलीत टांगले आहे. पौषात धुवारी पडते तेव्हा तुरीचा फुलोरा गळतो, त्या दिवसांतले किमान तापमान लिहून ठेवतो. पण त्या नोंदींवरून ठाम काही सांगण्याइतका अनुभव अजून जमलेला नाही.

नवे मापक घेणाऱ्याने दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात: तोंडाचे क्षेत्रफळ किती, बरणी किती लिटरची, आणि सुटे मापनपात्र मिळेल का. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर एक मिलिमीटरला १० मिलिलिटर हा हिशेब धरावा आणि पात्रांची अदलाबदल होऊ देऊ नये, नाहीतर सगळा पावसाळा दुप्पट किंवा निमपट लिहिला जातो. २०० चौरस सेंटिमीटरला चार लिटरची बरणी २०० मिलिमीटरपर्यंत पुरते, आणि आमच्याकडच्या बहुतेक दिवसांना तेवढी क्षमता पुष्कळ झाली.

नाल्यापलीकडे काकाजींचे वावर आहे, आमच्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. पेरणीच्या त्या वर्षापासून ते रोज सकाळी फोन करून "किती भरलं?" असे विचारतात आणि आमचाच आकडा आपला धरतात. मागच्या उत्तरा नक्षत्रात आमच्याकडे २२ मिलिमीटर पडले, त्या दिवशी त्यांच्या अंगणात माती भिजली नव्हती. म्हणून त्यांच्यासाठी तसेच दुसरे मापक आणले आहे, या वेळी सुट्या पात्रासह दुसऱ्या दुकानातून. ओटा बांधून झाला आहे आणि रोहिणी लागण्याआधी ते बसवायचे आहे.