चेरी झिंग्यांना प्रोटीनचा खाऊ कोणता द्यावा? तीन प्रकार वापरून पाहिले

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. ओसरीत दोन फुटी टाकी आहे, पाणी विहिरीचं, स्पंज फिल्टर, आणि आत लाल चेरी झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातले शोभेचे इवलेसे झिंगे. दिवाळीला नागपूरहून बारा आणले होते, आता मोजायला बसलं तर गणती चुकते. एरवी शेवाळ आणि देशी बदामाचं वाळलेलं पान त्यांना पुरतं. माद्यांनी पोटाखाली अंडी धरली तेव्हा मात्र वाटलं, यांना थोडं जोरदार खाणं पाहिजे. म्हणून तीन प्रकार घेतले.

पहिला, झिंग्यांसाठीच म्हणून मिळणारा बारीक गोळ्यांचा खाऊ. डबीवर प्रोटीन 45 टक्के. मी आकडा बघूनच घेतला, आणि तिथेच चुकलो. गोळी वीस मिनिटांत विरघळून पीठ होते आणि ते पीठ रेतीत जाऊन बसतं. झिंगा गोळी पुढच्या पायांत धरून फिरवत फिरवत कुरतडतो, वरवरचं पीठही वेचतो, पण रेतीत खाली गेलेलं तसंच राहतं. त्यात मी रोज टाकत होतो. आई म्हणायची, "रोज रोज कायले टाकतं रे बाप्पा, एवढासा तर जीव हाय त्यायचा." तिसऱ्या आठवड्यात काचेवर पांढरे चपटे किडे सरपटताना दिसले. उरलेल्या खाण्यावर वाढणारे प्लॅनेरिया. त्याच आठवड्यात दोन माद्या गेल्या. दोघींच्याही मानेमागे कवचाला गोल पांढरी रेघ. कात अर्धवट सुटून अडकली होती. एकीच्या पोटाखाली अंडी होती, ते बघून फार वाईट वाटलं. प्रोटीनचा मारा झाला की कात टाकताना असं होतं, हे जुने पाळणारे सांगतात, ते मी तोवर मनावर घेतलं नव्हतं.

दुसरा, सुकवलेले ब्लडवर्म. या न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या अळ्या, अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे लाल. झिंग्यांना हे इतकं आवडतं की टाकल्याबरोबर दगडाखालचे, स्पंजमागचे सगळे बाहेर येतात. एका पिल्लानं स्वतःच्या दुप्पट लांबीची अळी ओढत ओढत झाडाच्या मुळाशी नेली, दोन मोठे मागे लागले तरी सोडली नाही. अडचण एवढीच की सुक्या अळ्या पाण्यावर तरंगतात. वाटीत दहा मिनिटं भिजवून मग सोडाव्या लागतात. आणि हातानं धरू नका, चिमटा वापरा. काही जणांना याची ॲलर्जी असते, माझी बोटं दोनदा चांगलीच खाजली.

तिसरी वस्तू माशांच्या दुकानातली नाहीच. औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळते ती साधी स्पिरुलिनाची, म्हणजे शेवाळासारख्या हिरव्या पुडीची गोळी. चव, साखर, जीवनसत्त्वं काही मिसळलेलं नसलेली बघून घ्यायची. स्पिरुलिनात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रोटीन असतं, म्हणजे त्या महाग डबीपेक्षा कमी नाही. पाव गोळी काचेच्या बशीत ठेवून बशीच टाकीत सोडतो. झिंगे बशीभोवती गोल करून बसतात, पिल्लंसुद्धा, आणि दोन तासांनी बशी उचलली की उरलेलं सगळं बाहेर. पाणी गढूळ होत नाही. माझा कौल हिलाच.

सोबतीला तुतीचं पान. आमच्या शेजारच्या गावात एकांकडे रेशीम शेती आहे, त्यांच्याकडून आणतो. तुतीवर फवारणी केली तर त्यांच्याच अळ्या मरतील, म्हणून ते फवारत नाहीत. तरी बाजूला कपाशी असेल तर त्या धुऱ्याकडची पानं घेऊ नका, वाऱ्यानं औषध येतं. पान मिनिटभर उकळून टाकायचं. दोन दिवसांत नुसती शिरांची जाळी उरते, इतकी स्वच्छ की बोटावर धरून बघत राहावं.

खाऊच्या डबीवर कॉपर सल्फेट लिहिलेलं दिसतं म्हणून पुष्कळ जण घाबरतात. तेच आपलं मोरचूद. खाऊतला तो कण झिंग्यांना बाधत नाही. पण संत्र्याच्या झाडाला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावून आलात तर तो हात टाकीत घालू नका. पाण्यात उतरलेलं तांबं झिंग्यांना मारतं. कडुनिंबाचा अर्क फवारला असेल तरी तेच, किड्यांची कात अडवणारं औषध झिंग्यांचीही अडवतं.

आता माझा क्रम ठरला आहे. आठवड्यातून एकदा स्पिरुलिना, एकदा दोन-चार ब्लडवर्म, बाकी दिवस पान आणि शेवाळ, आणि एक दिवस काहीच नाही. मे महिन्यात पारा 45 वर गेला की ब्लडवर्म बंद. गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी, त्यात खाणं लवकर सडतं आणि दुपारी लाईन गेली की पंपही थांबतो. तेव्हा टाकीवर ओलं फडकं आणि आत फक्त तुतीचं एक पान.

45 टक्केवाली डबी अर्धी तशीच पडली आहे. ती पुन्हा घेणार नाही.