घरात पाच मुलं असताना कुठला ख्रिस्ती होमस्कूल अभ्यासक्रम घ्यावा?

अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती घरांतून मला वरचेवर विचारणा होते: "ताई, मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंय. चार मुलं आहेत. ॲबेका घेऊ का?" बहुतेक वेळा नाव ॲबेका या अभ्यासक्रमाचंच असतं, कारण मंडळीतल्या कुणीतरी तेच सांगितलेलं असतं. टेक्ससमधल्या आमच्या घरात माझी तीन आणि धाकट्या जावेची दोन अशी पाच मुलं एकत्र शिकतात. थोरली चौदा वर्षांची, शेंडेफळ पाचाचं. त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

आधी हिशेब मांडू. बायबल, भाषा, गणित, इतिहास, विज्ञान हे पाच विषय धरा. प्रत्येक मुलाला त्याच्या इयत्तेचा वेगळा संच घेतला तर पाच मुलांचे रोज 25 पाठ होतात. एका पाठाला अर्धा तास धरला तरी साडेबारा तास. तेच बायबल, इतिहास आणि विज्ञान सगळ्यांना एकत्र शिकवलं, आणि भाषा व गणित तेवढं ज्याचं त्याचं ठेवलं, तर पाठ उरतात 13. मोठ्या कुटुंबाचा सगळा निर्णय माझ्या मते या दोन आकड्यांत आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही हा हिशेब न करता एका प्रकाशकाचे इयत्तावार चार पूर्ण संच मागवले. पुस्तकं चांगलीच होती. पण नोव्हेंबर उजाडेपर्यंत मी आणि जाऊ एकीकडून दुसरीकडे धावत होतो, आणि सातवं वर्ष लागलेली पुतणी हातात वही घेऊन आपली पाळी कधी येते याची वाट बघत तासन् तास बसून असायची. तो चेहरा मी विसरलेले नाही.

आता एकेक पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू.

ॲबेका हा फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचा, 1972 पासूनचा. शाळेच्या वर्गासारखी रचना, रोज काय शिकवायचं याची तयार आखणी, आणि हवे असतील तर शिक्षकांचे व्हिडिओ. अक्षर आणि आवाज जोडून वाचायला शिकवण्याची त्यांची पद्धत फार भक्कम आहे. मूल वाचेल की नाही या भीतीने ज्या आईला झोप लागत नाही, तिला ती आधार देते. साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचं बीजेयू (बॉब जोन्स युनिव्हर्सिटी) प्रेसही असंच इयत्तावार, फक्त तिथे मुलाला विचार करायला लावणारे प्रश्न मला जास्त दिसले. दोन मुलं असतील तर दोन्ही उत्तम. पाच असतील तर मात्र व्हिडिओसाठी सुद्धा पाच पडदे आणि पाच कोपरे लागतात. शिवाय वर्कबुकं लिहून संपतात, त्यामुळे थोरलीचं पुस्तक धाकट्याला देता येत नाही.

एसीई म्हणजे ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन. टेक्ससमध्ये 1970 मध्ये सुरू झालेला हा अभ्यासक्रम याच्या अगदी उलट टोकाचा. शिकवायचं जवळपास नाहीच. आधी चाचणी घेऊन मूल कुठे कच्चं आहे ते पाहतात. मग 'पेस' नावाच्या पातळ पुस्तिका मूल स्वतः वाचतं, सोडवतं, उत्तरसूचीशी ताडून पाहतं, आणि शेवटच्या चाचणीत पास झालं की पुढची घेतं. वर्षाला एका विषयाच्या 12 पुस्तिका. पाच विषय आणि पाच मुलं धरली तर 300. आई आजारी असेल, बाळंतपण असेल, घरात म्हाताऱ्या माणसांचं करायचं असेल, तर ही पद्धत खरोखर तारून नेते. पण मुलं गप्प बसून रिकाम्या जागा भरत राहतात आणि एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरत नाही. एक जण रोममध्ये, दुसरा सूर्यमालेत. भावंडं एकत्र शिकावीत म्हणून ज्यांनी शाळा सोडली त्यांना हे रुचणार नाही. मला रुचलं नाही.

माय फादर्स वर्ल्डमध्ये साधारण दुसरी-तिसरीपासून आठवीपर्यंतची मुलं पाच वर्षांचं एक चक्र एकत्र फिरतात: पहिल्या वर्षी जगातले देश आणि संस्कृती, मग सृष्टीपासून ग्रीकांपर्यंत, रोमपासून धर्मसुधारणेपर्यंत (म्हणजे प्रॉटेस्टंट कॅथलिकांपासून वेगळे झाले तो काळ), तिथून 1850 पर्यंत, आणि शेवटी आधुनिक काळ. बायबल, इतिहास, विज्ञान एका टेबलावर; गणित आणि भाषा ज्याची त्याची. म्हणजे वरचा 13 पाठांचा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला आहे. सध्या आमच्याकडे हेच चालू आहे. टॅपेस्ट्री ऑफ ग्रेसचं चक्र चार वर्षांचं. तिथे बारावीपर्यंतची सगळी मुलं एकच कालखंड आपापल्या पातळीवर शिकतात. ते जास्त सखोल आहे, पण आईला स्वतःला पुष्कळ वाचावं लागतं. कडेवर तान्हं असेल तर हे घेऊ नका. सोनलाइट गोष्टींच्या पुस्तकांवर उभं आहे आणि पुस्तकं फार सुंदर असतात. मात्र त्यांचे टप्पे वयोगटानुसार असल्यामुळे पाच आणि चौदा वर्षांची मुलं एका टप्प्यात बसत नाहीत, दोन घ्यावे लागतात.

ॲम्बलसाइड ऑनलाइन मोफत आहे. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या विचारांवर ते बेतलेलं आहे. वर्षाचे 36 आठवडे आखून दिलेले, बरीच पुस्तकं हक्कमुक्त. जमेची मोठी बाजू म्हणजे ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. ही एक गोष्ट मी तिथून उचलली. योसेफाची गोष्ट इंग्रजीत वाचून झाली की आठ वर्षांचा मुलगा ती आजीला मराठीत सांगतो. "बापाने त्याला कोट दिला" म्हणाला, तेव्हा आजीने आपलं जुनं मराठी बायबल उघडून दाखवलं: "कोट नाही रे बाळा, पायघोळ झगा." दोन दिवस चादर खांद्यावरून जमिनीवर ओढत पोरगा "माझा पायघोळ झगा" म्हणत घरभर हिंडत होता. मराठी टिकवण्यासाठी याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही. अडचण एवढीच की प्रत्येक मूल वेगळ्या 'वर्षा'त (तिथल्या पातळीला 'वर्ष' म्हणतात) गेलं तर पुन्हा 25 पाठांकडेच जातो. म्हणून पाच मुलं दोनच गटांत बसवायची.

पैशाची ओढाताण असेल तर द गुड अँड द ब्युटिफुल बघा. भाषा आणि गणिताच्या बऱ्याच पातळ्यांची पीडीएफ मोफत मिळते, आणि विज्ञान-इतिहास घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा आहे.

गणिताला घाई करू नका. मॅथ-यू-सी या गणिताच्या अभ्यासक्रमातल्या पातळ्यांना इयत्तेचे आकडे नाहीत. अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरं आहेत. दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या भावाच्या पातळीवर असला तरी पुस्तकावर 'तिसरी' छापलेलं नसल्यामुळे त्याला लाज वाटत नाही, आणि गणित समजावायचे ठोकळे एकदाच घ्यावे लागतात. सॅक्सन या दुसऱ्या गणिताच्या अभ्यासक्रमात जुन्या गणितांची रोज उजळणी असते; विसराळू मुलाला ते मानवतं.

आता श्रद्धेबद्दल. 'ख्रिस्ती' एवढा शब्द पुरेसा नाही. ॲबेकाची पुस्तकं किंग जेम्स हे बायबलचं जुनं इंग्रजी भाषांतर वापरतात, बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या वळणाची आहेत, आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरून विज्ञान शिकवतात. बीजेयू आणि एसीई याबाबतीत जवळचेच. पटत असेल तर प्रश्न नाही, नसेल तर आधी नमुन्याची पानं वाचा. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांना तर मी स्पष्ट सांगेन: या पुस्तकांतला धर्मसुधारणेचा इतिहास तुमच्या मुलांना दुखावेल. तुमच्यासाठी व्हर्जिनियातलं सेटन होम स्टडी किंवा मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस आहे. आणि अमेरिकन पुस्तकांत भारत येतो तो बहुधा मिशनऱ्यांच्या चरित्रांतून. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात गायलं. हे आपल्या मुलांना आपणच शिकवायचं आहे, त्याचा संच कुणी पाठवणार नाही.

आपल्या राज्याचा कायदाही बघा. टेक्सस आणि न्यू जर्सीत कुणाला कळवावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात वर्षभराच्या कामाची फाइल ठेवून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तिथे तारखा घालून लिहिलेली वर्कबुकं उपयोगी पडतात. महाराष्ट्रात राहून हे करणाऱ्यांनी जड खोकी मागवण्यापेक्षा ॲम्बलसाइड आणि पीडीएफ घ्यावीत, आणि दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे सरकारी मुक्त विद्यालय, धरावं. तिथे वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात.

पाच मुलांच्या घराने आजच काय मागवावं, तर माय फादर्स वर्ल्डचं एक वर्ष, सगळ्यांसाठी मिळून एकच. गणित प्रत्येकाची पातळी-चाचणी घेऊन. सगळ्यांत धाकट्याला वाचनाचं एक पुस्तक. नववीच्या पुढच्या मुलीचं वेगळं धरा, तिला गुणपत्रक लागेल. बाकी खरेदी ऑक्टोबरपर्यंत थांबवा. तोवर कुणाला काय कमी पडतंय ते टेबलावरच दिसेल.