फॉगिंग मशीन, टीसीएल, अँब्युलन्स: आपलं आपण घ्यायचं की शेजारच्या गावांशी मिळून?

पावसाळ्याच्या तोंडावर छोट्या ग्रामपंचायतीत हा विषय निघतोच. आमच्या मासिक सभेत यंदा एकजण उठून म्हणाला, तीन गावं मिळून मशीन घेऊ, अँब्युलन्सपण घेऊ, टीसीएलपण (पिण्याच्या पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) एकत्रच आणू. ऐकायला भारी वाटतं, पण प्रत्येक वस्तूचं गणित वेगळं असतं, म्हणून ज्यांना ठराव करायचाय त्यांच्यासाठी लिहितोय.

फॉगिंग मशीन घ्या आधी. वर्षातला बहुतेक काळ ते गोडाऊनमध्ये धूळ खातं, म्हणजे तिघांत एक पुरेल असं वाटणारच. गोची अशी की डासांचा सीझन तिन्ही गावांत एकदमच येतो आणि त्याच आठवड्यात सगळ्यांना मशीन पाहिजे असतं. आमच्याकडं मागं एकदा मशीन एका गावात गेलं ते तिकडंच अडकलं, फोन लावला तर स्विच ऑफ, परत आलं तेव्हा नोझल चोंदलेलं, आणि रिपेरी कोणी करायची यावरच दोन महिने गेले. तरी मी म्हणेन मिळूनच घ्या, पण तारखांचा तक्ता आधी आणि चालवणारा माणूस एकच. कारण खरं सांगायचं तर मशीनचा उपयोग तेवढ्यापुरताच, धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस. वाड्या एकमेकींना लागून असतील तर तो दिवस दोन्ही गावांनी एकच ठेवा, मशीनपेक्षा त्याचा उपयोग जास्त, आणि खर्च शून्य. (फोटो धुराचाच चांगला येतो, ते वेगळं.)

टीसीएल मात्र ज्याचं त्यानं. रोज लागणारी वस्तू दुसऱ्या गावच्या गोडाऊनमध्ये कशाला ठेवायची. ऑर्डर एकत्र दिली तर दर बरा पडेल, पण साठा करू नका, ओल लागली की क्लोरीन उडून जातं. ताज्या पावडरीत ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, २० च्या खाली गेलं की टाकून उपयोग नाही. यात वाटून घ्यायचं असेल तर माणूस वाटून घ्या, आपला जलसुरक्षक, म्हणजे पाण्यात टीसीएल टाकणारा माणूस, लग्नाला गेला तर शेजारच्या गावातल्यानं येऊन ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उतरलंय का ते बघायची) करायची.

अँब्युलन्स कागदावर सगळ्यात सोयीची, कारण तिन्ही गावांत एकाच वेळी इमर्जन्सी क्वचितच येते. पण १०८ नंबरची सरकारी अँब्युलन्स राज्यात २०१४ पासून फुकट आहे, गरोदर बायांसाठी १०२ ची आहे, मग आपली गाडी कशाला हे आधी ठरवा. घाटामुळं १०८ ला पोचायला वेळ लागत असेल तर जरूर घ्या, पण दीड हजार वस्तीच्या एकट्या गावाला ड्रायव्हर, डिझेल, इन्शुरन्स झेपत नाही.

पैशाचं आधीच लिहून घ्या. प्रादेशिक नळयोजनेच्या, म्हणजे बऱ्याच गावांच्या मिळून असलेल्या योजनेच्या, शिखर समितीत बसलेल्याला विचारा, एका गावानं पाणीपट्टी थकवली की वीजबिल थकतं आणि मग सगळ्यांचेच नळ कोरडे. मी तर म्हणतो प्रत्येकाचं वर्षाचं डिपॉझिट आधी, वस्तू नंतर.

आणि गावं निवडताना सरपंचांची दोस्ती बघू नका, ती पुढच्या इलेक्शनला बदलते, आरोग्य उपकेंद्र बघा. ५००० लोकसंख्येला एक, डोंगरी-आदिवासी भागात ३००० ला, बोर्डावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असलं तरी लोक उपकेंद्रच म्हणतात. त्याखालच्या गावांना एएनएम (नर्सबाई) तीच, आरोग्यसेवक तोच, मग तक्तापण त्यांनाच ठेवायला सांगता येतो.

आमचं काय ठरलं म्हणाल तर टीसीएल वेगवेगळं, मशीन दोन गावांत, तिसरं गाव दुसऱ्या उपकेंद्रात येतं म्हणून सोडलं. अँब्युलन्स अजून आली नाही, पण ड्रायव्हरच्या पगारावर अडली मात्र आहे.