डायबेटिसचे जीन्स शोधायचेत: लिंकेज करू की असोसिएशन?

तुम्ही पीएचडीला टाइप २ डायबेटिस घेतलाय, मार्कर (डीएनएवरच्या, माणसागणिक बदलणाऱ्या खुणा) वापरून जीन शोधायचाय, आणि घोडं अडलंय इथे की फॅमिल्या गोळा करायच्या का पेशंट-कंट्रोल (कंट्रोल म्हणजे आजार नसलेले, तुलनेसाठीचे लोक). माझं मत आधीच सांगते, असोसिएशन करा.

लिंकेजमध्ये एकाच घरात आजाराबरोबर कुठला मार्कर पिढ्यान् पिढ्या खाली येतोय ते बघतात. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचा मार्कर १९८३ ला असाच सापडला, व्हेनेझुएलातली भलीमोठी कुटुंबं हाताशी होती, तरी प्रत्यक्ष जीन मिळायला १९९३ उजाडलं. आणि तिथे एकच जीन सगळा घोळ घालतो! डायबेटिसमध्ये शेकडो जागांचा थोडा थोडा हात असतो, त्यामुळे सिग्नल मुळात येतच नाही आणि आलाच तर क्रोमोझोमचा एवढा लांब पट्टा की त्यात शंभरेक जीन्स. शिवाय सॅम्पलची बोंब. पेशंट साठीचा, आईवडील गेलेले, मुलं अजून धडधाकट, एक काका दुबईत आणि दुसऱ्यांशी जमिनीवरून बोलणं बंद, आता कुणाचं रक्त घेणार?

असोसिएशनमध्ये कुठला मार्कर पेशंटमध्ये कंट्रोलपेक्षा जास्त दिसतो ते बघतात, त्याला नातेवाईक लागत नाहीत, पण आकडा लागतो. २००७ च्या वेलकम ट्रस्टच्या अभ्यासात ७ आजार, प्रत्येकी साधारण २००० पेशंट आणि ३००० सामायिक कंट्रोल होते. लाखो मार्कर एकदम तपासता म्हणून पी-व्हॅल्यू (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ ला कोणी विचारत नाही, ०.०००००००५ च्या खाली हवी.

आपल्याकडे खरा खड्डा कंट्रोलमध्ये आहे. लग्नं जातीतल्या जातीत, त्यामुळे पेशंट एका समाजाचे आणि कंट्रोल दुसऱ्या समाजाचे आले की जो फरक दिसतो तो आजाराचा नसतोच. ब्लड बँकेतले डोनर फुकट मिळतात म्हणून घेऊ नका, पंचविशीतली पोरं ती, पुढे त्यांच्यातल्याच कितीजणांना डायबेटिस होणार.

टीसीएफ७एल२ या जीनचं उदाहरण बघा. आइसलँडमध्ये १० व्या क्रोमोझोमवर लिंकेजचा अंधुक सिग्नल होता म्हणून तिथे असोसिएशन केलं, २००६ ला हा जीन सापडला, आणि गंमत म्हणजे तो मूळ सिग्नल कशामुळे आला ते या जीनने काही उलगडत नाही. पण जीन पक्का निघाला, पुढच्याच वर्षी पुण्याच्या पेशंट्समध्येही तोच दिसला.

लिंकेज कधी? पंचविशीच्या आत डायबेटिस, अंगकाठी बारीक आणि तीन पिढ्यांत ओळीने, म्हणजे मोडी (MODY, एकाच जीनमुळे तरुणपणी होणारा डायबेटिस), असं घर मिळालं तर. ग्लुकोकायनेज हा मोडीचा जीन तसाच सापडला होता, आता मात्र अशा घरात मी एक्सोमही (जीन्सच्या प्रोटीन बनवणाऱ्या भागांचं वाचन) लगेच करेन.