नाव घातलेली कवळी: एका दंतचिकित्सालयाच्या सेवेविषयी

पुण्याच्या उपनगरातील एका दंतचिकित्सालयातून आईची वरची आणि खालची, अशी पूर्ण कवळी नुकतीच करून घेतली. कवळी नीट बसली आहे, भाकरी चावता येते आणि हिरडी सोलवटत नाही, एवढे सांगून तो भाग संपवतो. हा अभिप्राय मुख्यतः तेथील एका जादा सेवेविषयी आहे. माफक जादा शुल्क घेऊन तेथे कवळीत रुग्णाचे नाव कायमचे बसवून देतात आणि दातांच्या नोंदींची फाइलही हाती देतात.

या सेवेची गरज काय, असा प्रश्न घरातही निघाला होता. जळालेल्या किंवा कुजलेल्या अनोळखी मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी इंटरपोलच्या कार्यपद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही तीन प्रमुख साधने मानली जातात. दातांवरील इनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्याने त्वचा आणि ठसे नष्ट झाल्यानंतरही दात पुष्कळदा शिल्लक राहतात. मात्र मृताचे दात कशाशी ताडून पाहायचे, तर त्याच्या हयातीतील एक्स-रेशी आणि केस पेपरशी. आणि आपल्याकडे नेमके तेथेच घोडे अडते. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे, पण जन्मभराच्या दातांना तीन वर्षे कशी पुरणार? अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी झालेल्या विमान अपघातातील बहुतेक मृतांची ओळख नातेवाइकांचे रक्ताचे नमुने घेऊन, डीएनए जुळवूनच पटवावी लागली.

ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, त्याच्या बाबतीत तर भरलेली दाढ, रूट कॅनल, वेडावाकडा सुळा यांपैकी ताडून पाहण्यासारखे काहीच नसते. अशा वेळी कवळी हाच पुरावा ठरू शकतो. बोस्टनमध्ये १८४९ च्या नोव्हेंबरात बेपत्ता झालेले डॉ. जॉर्ज पार्कमन यांच्या प्रकरणात हेच घडले. प्राध्यापक जॉन वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेतील भट्टीत कृत्रिम दातांचे तुकडे सापडले, आणि ते दात ज्यांनी बनवले होते त्या नेथन कीप यांनी स्वतःजवळ जपून ठेवलेल्या साच्याशी ते जुळवून दाखवले. वेबस्टर यांना फाशी झाली. कीप यांनी साचा फेकून दिला असता, तर न्यायालयात सांगण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे काही उरले नसते. नाव घातलेल्या कवळीला मात्र बनवणाऱ्याच्या साच्यावर किंवा स्मरणशक्तीवर अवलंबून राहावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. वरच्या कवळीच्या टाळूकडील बाजूस, मागच्या दाढांजवळ, जेथे अॅक्रिलिक (कवळीचे प्लास्टिक) जाड असते तेथे उथळ खाच पाडून तीत स्टीलची कोरलेली पट्टी ठेवली आहे. वर पारदर्शक अॅक्रिलिकचा थर देऊन पॉलिश केले आहे. जागेची निवड मला योग्य वाटली, कारण पुढच्या दातांच्या मानाने मागचा भाग आगीत गाल आणि जीभ यांच्या आडोशाला असतो. आईने जीभ फिरवून पाहिली, तिला कड लागली नाही. पट्टीवरील आडनाव आणि आद्याक्षरे साध्या भिंगाने स्पष्ट वाचता येतात. दवाखान्याने सुरुवातीस छापील कागदाची पट्टी सुचवली होती. ती स्वस्त पडते आणि रोजच्या वापरात चांगली टिकतेही, परंतु आगीत तिचा काय उपयोग, असे विचारल्यावर डॉक्टरांनी वाद न घालता स्टीलची पट्टी मागवली. धातू आणि अॅक्रिलिक एकजीव होत नाहीत, त्यामुळे पट्टी पातळ जागी बसवल्यास कवळी तेथे कमकुवत होते, हेही त्यांनी आपणहून सांगितले. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

तक्रारी दोन आहेत. पहिली म्हणजे नावापुढे त्यांनी फक्त स्वतःचा केस क्रमांक घातला. उद्या दवाखाना बंद झाला तर त्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही. त्याऐवजी गावाचे नाव घातले असते तर शोधणाऱ्याला दिशा मिळाली असती. (आधार क्रमांक कोरण्याचा माझा आग्रह त्यांनी मोडून काढला, आणि ते बरोबरच होते.) दुसरी तक्रार फाइलविषयी. आईच्या सोबत मीही माझा ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एक्स-रे) काढून घेतला. जबड्याचे ते पूर्ण चित्र व्हॉट्सअॅपवर, तेही छायाचित्र म्हणून पाठवण्यात आले. त्यात मूळ प्रतिमेचा तपशील बराच हरवतो. माझ्या केस पेपरवर "उजवी दाढ भरली" इतकेच लिहिलेले होते. वरची की खालची, कितवी, दाताचा कोणता पृष्ठभाग आणि कोणते द्रव्य, यांपैकी काहीच नाही. वरच्या उजव्या पहिल्या दाढेला १६ आणि खालच्या उजव्या पहिल्या दाढेला ४६ म्हणणारी दोन आकडी पद्धत जगभर प्रचलित आहे. ती वापरली असती तर एका ओळीत काम झाले असते. मागितल्यावर मूळ प्रतिमा पेनड्राइव्हवर मिळाली आणि नोंदही दुरुस्त झाली, पण मागावी लागली.

"काकू, अशुभ बोलू नका," असे तेथील स्वागतिका आईला म्हणाली, तेव्हा आईने तिला इस्पितळांचा दाखला दिला: शस्त्रक्रियेपूर्वी काढून ठेवलेल्या कवळ्या हरवतात, वृद्धाश्रमात त्या अदलाबदल होतात, आणि नाव असले की ज्याची त्याला परत मिळते. रोजच्या उपयोगाचे हे कारण दवाखान्याने आपल्या फलकावर लिहावे.

एकूण पाचपैकी चार गुण. खालच्या कवळीवरही नाव हवे असेल तर माप देतानाच सांगावे. आम्हांला ते उशिरा सुचले आणि त्यासाठी कवळी पुन्हा लॅबमध्ये पाठवावी लागली.