बास मासा: क्रँकबेट की रबरी किडा?

नवं पाणी, मासा कुठे आहे ठाऊक नाही, तर आधी क्रँकबेट, म्हणजे मासोळीसारखं दिसणारं कडक, नकली आमिष. फेकायचं, रीळ फिरवायचं. आमिषाच्या तोंडाशी असलेली चपटी जीभ त्याला खाली नेते आणि थरथरवत ठेवते. थोड्या वेळात बरंच पाणी चाळून होतं. याचे तीन तोंडांचे गळ मात्र पाणवनस्पतीत हमखास अडकतात. काठी जरा लवचीक हवी, नाहीतर हिसक्यात गळ निसटतो.

टेक्सास रिगवरच्या (गळ आणि वजन बांधायची एक पद्धत) रबरी किड्याचा, म्हणजे मऊ नकली आमिषाचा, स्वभाव उलटा. गळाचं टोक किड्याच्या अंगातच लपलेलं, म्हणून गवत, बुडालेल्या फांद्या, कुठेही सोडा. पण तो तळाशी हळूहळू ओढायचा, मध्ये थांबायचं, दोरीवरची बारीकशी टकटक ओळखायची. मासा तो शोषून घेतो, तेव्हा जोराचा झटका बसत नाही. इथे कडक काठी आणि 15 ते 20 पौंड ताण सोसणारी दोरी बरी. क्रँकबेटला 10-12 पुरते.

पाणी 10 अंशांखाली गेलं की बास सुस्तावतो, पाठलाग करत नाही. तेव्हा मी किडाच बांधतो. नवशिक्याच्या हाती मात्र आधी क्रँकबेटच देईन; किड्याला लागणारा धीर पहिल्या दिवशी कुणाकडे असतो!