आईच्या गळ्यातलं बटण: एसओएस पेंडंट वापरून सात महिने

आई ७८ वर्षांची, ठाण्याला नौपाड्यात एकटी राहते. माझी नोकरी आणि घर ऐरोलीला. पडल्यावर तासन्‌तास जमिनीवर पडून राहणं हे पडण्याइतकंच वाईट, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा शोधाशोध सुरू केली.

आधी स्मार्टवॉचचा विचार होता. ॲपल वॉचमध्ये वय ५५ किंवा जास्त टाकलं की पडल्याचं ओळखण्याची सोय आपोआप चालू होते, हे वाचून भाऊ खूश झाला. पण आईला रोजचं चार्जिंग जमलं नसतं, आणि बांगड्यांच्या हातात आणखी घड्याळ नको म्हणाली. मग सिमवालं पेंडंट घेतलं. बटण तीन सेकंद दाबलं की भरून ठेवलेल्या तीन नंबरांना एकामागून एक फोन जातो आणि त्यातूनच बोलता येतं. घेताना ४जी आहे ना, ते बघा. स्वस्तातली काही जुनी मॉडेलं फक्त २जीवर चालतात. त्यांत जिओचं सिम टाकून उपयोग नाही, जिओचं २जी जाळंच नाही.

पहिला महिना नुसता वैताग. येणारा फोन हे यंत्र स्वतःच उचलतं. एकदा आई पूजेला बसलेली असताना छातीवरून एक मुलगी बोलायला लागली, ‘मॅडम, पर्सनल लोन हवंय का?’ आईने तिला दहा मिनिटं शांतपणे समजावलं की हवं नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन फक्त आमच्याच नंबरांना परवानगी दिली आणि १९०९ वर डीएनडीही (जाहिरातींचे फोन बंद करायची सोय) लावून घेतलं. विकणाऱ्याच्या कस्टमर केअरला यातलं काही सांगता आलं नाही, ते वेगळंच.

लोकेशनवर फार विसंबू नका. घरात जीपीएसचा सिग्नल नीट मिळत नाही, मग ते टॉवरवरून अंदाज बांधतं. एका दुपारी ॲपवर आई थेट मासुंदा तलावाच्या मधोमध दिसत होती. होती घरीच, वाटाणे सोलत.

पडल्याचं आपोआप ओळखणं, ज्यासाठी जास्त पैसे मोजले, ते खरं वेळेला कामी आलं नाही. दिवाणावर धपकन बसली की ओरडायचं, रिक्षा खड्ड्यातून गेली की ओरडायचं. फेब्रुवारीत आईला स्वयंपाकघरात चक्कर आली आणि ओटा धरत धरत ती हळूच खाली बसली, तेव्हा मात्र गप्प. त्याला जोरदार हिसका लागतो, आणि मग सामसूम. अलगद घसरणाऱ्या माणसाचं त्याला काही कळत नाही.

बटण आईने स्वतःच दाबलं. मी मीटिंगमध्ये होते, पहिला फोन सुटला. पुण्याला भावानेही उचलला नाही, तिसरा समोरच्या काकूंना लागेपर्यंत मीच उलट फोन केला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

‘गॅस बंद कर.’

‘हात पोचत नाही गं.’

काकूंकडे किल्ली होती, पण आईने आतून कडी लावलेली. खालच्या दुकानातला सुतार येईपर्यंत मी इकडे फोन कानाला लावून शिट्ट्या मोजत होते. सहावीला कडी तुटली. मनगट सुजलं, डाळ करपली, बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी आतली कडी काढून बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच बसवलं. नंबरांचा क्रमही बदलला: आधी काकू, मग मी, मग भाऊ. १०८ मुद्दाम भरला नाही, कारण खोटे इशारे फार, आणि पत्ता तर माणसालाच सांगावा लागतो. जवळच्या खुणेसकट पत्ता आणि औषधांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या मागे चिकटवलीत.

बाथरूमचा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. पेंडंट आयपी६७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं. पण आई अंघोळीला जाताना ते बाहेर खुंटीला अडकवायची. खरं कारण नंतर कळलं: नायलॉनची दोरी मानेला काचत होती. आता सुती गोफ घातलाय, तुळशीच्या माळेइतकाच लांब. त्याला ओढल्यावर सुटणारी चाप आहे, नळात अडकली तर गळ्याला फास बसायला नको.

बॅटरी खोक्यावर पाच दिवस लिहिलीय, मिळते जेमतेम तीन. संध्याकाळी मालिका बघताना चार्जिंगला, असं ठरलंय.

दर महिन्याच्या एक तारखेला बटण दाबून बघतो. या वेळी काकूंना आधी सांगायचं माझ्याकडून राहिलं. फोन लागल्यावर दोन मिनिटांत काकू कणकेच्या हातांनी किल्ली फिरवून आत, आणि आई खुर्चीत बसून पेपर वाचतेय. आधी काकू चिडल्या, मग आईने चहा टाकला.